तीन बोटं पाणी

सकाळी सात वाजता मामाने नव्या लाँचच्या कठड्यावर थाप मारून जाहीर केलं, की आज परीक्षा चालू असताना जो कोणी जागचा हलेल त्याच्याशी आपण महिनाभर बोलणार नाही. यावर रंगारी म्हणाला, "महिनाभर शांतता मिळणार असेल तर मी आत्ताच दोन उड्या मारतो." सगळे हसले. भाचीही हसली, पण हसताना तिचा हात ओळंब्याच्या दोरीवरून काही निघाला नाही. पहाटेपासून ती दोरी तिने चौथ्यांदा तपासली होती. छातीत असं धडधडत होतं, की त्या धडधडीनेच ओळंबा हलेल अशी तिला भीती वाटत होती.

आता ही परीक्षा कसली आणि तिचा एवढा बाऊ कशाला, ते आधी सांगायला हवं.

मामा नदीकाठच्या आपल्या कारखान्यात लाकडी लाँच बांधायचा, या तीरावरची माणसं त्या तीराला नेणाऱ्या. आजवर एकोणीस बांधल्या, एकोणीसच्या एकोणीस एकमजली. ही विसावी, आणि हिला वरचा मजला होता. उघडा, चारी बाजूंनी कठडा, दोन्हीकडे बाकं. हा मजला मामाच्या डोक्यात सव्वीस वर्षं घर करून होता आणि त्याचं कारण होती मामी. लग्नानंतर मामाने हौसेने तिला आपल्या लाँचमधून पलीकडे न्यायला बसवलं, तर नदीच्या मध्यावर पोचेपर्यंत ती पांढरीफटक. खाली बसलं की कोंडल्यासारखं होतं, म्हणाली. "वर बसायची सोय कर, मग येईन." तेव्हापासून ती पुलावरून चार मैलांचा फेरा घालून माहेरी जायची, पण नवऱ्याच्या लाँचला पाय लावायची नाही. लोक मामाला विचारायचे, काय हो, घरचीच माणसं बसत नाहीत, आम्ही कसं बसावं? तो हसून वेळ मारून न्यायचा. मनाला मात्र लागायचंच.

मग आत्ताच का धाडस केलं? तर भाचीमुळे.

आई-वडिलांच्या बदलीच्या नोकऱ्यांमुळे भाची लहानपणापासून मामाकडेच वाढली. शिकायला बाहेर गेली आणि पहिल्या सुट्टीत आली ती नुसती उधाण घेऊन. बॅग दारात टाकली आणि म्हणाली, "मामा, मला स्थितिशास्त्र आहे."

"म्हणजे काय दुखतं?"

"दुखत नाही. शास्त्र आहे. जे हलत नाही त्याचं शास्त्र."

"न हलणाऱ्याचं शास्त्र? मग आमच्या रंगाऱ्यालाच प्राध्यापक करा की."

पण तिने त्याला सोडलं नाही. हाताला धरून कारखानाभर फिरवलं. ही पहार बघ मामा, हिच्याने तू ओंडका उचलतोस, ही तरफ, हा पहिला धडा. ही कप्पी दुसरा. लाँच उतरवायची ही उतरण तिसरा. भिंतीला टेकवलेली शिडी घसरत का नाही, त्याचा अख्खा एक धडा. मग वस्तूचा गुरुत्वमध्य, म्हणजे सगळं वजन जणू एकाच ठिकाणी गोळा झालंय अशी जागा. आणि हे तर नुसतं घन वस्तूंचं. द्रवांची वेगळी शाखा, वायूंची वेगळी. जिथे म्हणून एक जोर दुसऱ्या जोराला अडवून गप्प उभा आहे, तिथे हे शास्त्र आहे. "मी तिकडे बाकावर बसून पुस्तक उघडलं," ती म्हणाली, "तर आत आपला कारखाना." मामाला त्यातलं निम्मं कळलं. पण पोरीचे डोळे कसे चमकतायत ते पुरेपूर कळलं, आणि त्याच सुट्टीत तो हळूच म्हणाला, "द्रवांच्या शाखेत वरच्या मजल्याचं काही आहे का गं?"

होतं. त्याला चार वर्षं लागली. शिक्षण संपवून ती परत आली, तेव्हा नदीवरचे सगळे जाणते सांगत होते की या रुंदीच्या लाँचवर दुसरा मजला म्हणजे बुडायचं आमंत्रण. तिने सहा आठवडे कागद काळे केले. मामाने फक्त एवढंच विचारलं, "नक्की?" ती म्हणाली, "नक्की." त्याने पेन्सिल कानावर खोचली आणि लाकूड बघायला निघून गेला. एवढा विश्वास कुणी कुणावर टाकू नये, असं तिला त्या क्षणीच वाटलं होतं.

आणि आज तपासणीसाहेब आले होते. त्यांची परीक्षा पास झाली तर परवाना. नापास झाली तर वरचा मजला करवतीने उतरवायचा, आणि तेही त्यांच्या देखत. नियमच तसा होता. म्हणून मामाने शपथ घेतली होती, की परवाना मिळेपर्यंत हातात हत्यार असल्याशिवाय वरच्या मजल्यावर पाऊल ठेवायचं नाही. शेवटचा खिळा ठोकून जो खाली उतरला तो पुन्हा जिना चढला नव्हता.

परीक्षा दिसायला अगदी साधी. खालच्या मजल्यावर छताच्या तुळईला दोन मीटर दोरीचा ओळंबा टांगलेला. ओळंब्याचा लोलक तेलाच्या बादलीत बुडवलेला, म्हणजे उगाच झोके घेत नाही. दोरीच्या मागे मिलिमीटरची पट्टी. लाँचच्या डाव्या-उजव्या बाजूला बिडाची पन्नास-पन्नास किलोची चार-चार वजनं. आता डावीकडची दोन वजनं उचलून उजवीकडे ठेवायची. लाँच उजवीकडे किंचित झुकते, दोरी पट्टीवर सरकते. किती सरकली ते वाचायचं. जास्त सरकली तर लाँच लेचीपेची, कमी सरकली तर पाण्यावर घट्ट. साहेबांची मर्यादा होती साठ मिलिमीटर. भाचीच्या कागदावर उत्तर होतं पन्नास.

या पन्नाससाठी तिने लाँचवरची चीजवस्तू तोलली होती. नांगर, साखळी, बाकं, दोर, रंगाचे तीन हात सुकल्यावर किती भरतात तेसुद्धा. मामीने दिलेली चहाची किटली यादीत होती, सव्वा किलो. लाँचवर थांबणाऱ्या प्रत्येक माणसाला तिने काट्यावर उभं केलं. मामीला विचारल्यावर मात्र मामी म्हणाली, "मी काठावरच असणार आहे. आणि बाईमाणसाला वजन विचारू नये, एवढं तुझ्या शास्त्रात शिकवत नाहीत का?"

साहेब होते उंच, सावकाश बोलणारे, आणि यादी वाचताना ओठ हलवणारे. त्यांनी सगळी लाँच फिरून पाहिली. मग खालच्या मजल्यावर उभं राहून मान तिरकी केली. "हा आवाज कसला?"

"कसला आवाज?" मामाने विचारलं.

"गुळगुळ. पाण्यासारखा."

"पाण्यावरच आहोत साहेब," रंगारी म्हणाला, आणि सगळ्यांना हसू फुटलं. भाचीलाही. आपण त्या वेळी कशाला हसलो, याची पुढे तासाभरात तिला इतकी लाज वाटायची होती, की विचारू नका.

साहेबही हसले बिचारे. कागदावरचा पुढचा प्रश्न त्यांनी वाचला, "लाँचवर सुटं, घरंगळणारं काही आहे?"

"काही नाही," मामा म्हणाला. खोटं बोलत नव्हता. त्याच्या मते खरंच काही नव्हतं.

साडेआठला सुरुवात झाली. नदी आरशासारखी पडली होती. वारा अकराला सुटतो, हे काठावरच्या सगळ्यांना ठाऊक, आणि एकदा वारा सुटला की ओळंबा त्या दिवशी कुणाचं ऐकत नाही. रंगाऱ्याने आणि बोळेवाल्याने दोन वजनं उचलून उजवीकडे नेली. बोळेवाला म्हणजे फळ्यांच्या फटींत राळेचे बोळे ठोकणारा म्हातारा, मामाचा सगळ्यात जुना माणूस. दोघं आपापल्या खडूच्या खुणेवर जाऊन उभे राहिले. भाची पट्टीसमोर गुडघे टेकून बसली.

दोरी सरकली. वीस, तीस, चाळीस. पन्नास. दोरी थांबेना. साठ गेले. सत्तर गेले. आता ती हळू झाली होती, पण सरकत होती, कुणीतरी मागून ढकलल्यासारखी.

"कोण हललं?" मामाने दरडावलं.

"मी नाही," रंगारी म्हणाला. "माझ्या नाकावर माशी बसलीय, तरी मी नाही."

अठ्ठ्याऐंशीवर दोरी थांबली. साहेबांनी आकडा लिहिला. त्यांच्या पेन्सिलीचा आवाज तेवढा ऐकू आला. दुसरी दोन वजनं नेली, दोरी एकशे पंचेचाळीसवर गेली. वजनं परत आणली, मग उलट्या बाजूला नेली, तिकडेही तीच रड. सव्वानऊला साहेबांनी वही मिटली आणि मामाकडे न बघता म्हणाले, "काम फार सुंदर आहे. पण मजला उतरवावा लागेल."

मामा ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त वर, छताकडे एकदा पाहिलं, आणि मग भाचीकडे. त्या नजरेत राग असता तर तिने सोसला असता. पण त्याला तिचीच काळजी वाटत होती, पोरीचं आता काय होईल म्हणून. ते बघून तिला रडू कोसळणार असं वाटलं, आणि त्याच वेळी ती भयंकर चिडली. कुणावर? तर त्या अठ्ठ्याऐंशीवर. आपला आकडा चुकला असेल तर तो सरळ चुकायला हवा होता. हा असा सरपटत कशाला गेला?

"साहेब, दहा मिनिटं द्या," ती म्हणाली. "आकडे तुमचेच. मला फक्त ते मांडू द्या."

तिने आलेखाचा कागद फळीवर टाचला आणि खुणा केल्या. आडवं वजन, उभी दोरी. खुणा झाल्या आणि ती कागदाकडे बघतच राहिली.

"मामा, इकडे ये. हे बघ. लाँचचं डोकं जड असतं ना, तर पहिल्या दोन वजनांनी अठ्ठ्याऐंशी आणि पुढच्या दोन वजनांनी आणखी अठ्ठ्याऐंशी. सरळ रेघ. पण पुढच्या दोन वजनांनी किती झुकली? फक्त सत्तावन्न. रेघ वाकली. म्हणजे ही लाँच सुरुवातीला घाबरते आणि मग सावरते. लाकूड असं करत नाही. बिडाचं वजन असं करत नाही. या लाँचमध्ये असं काहीतरी आहे, जे आधी पळतं आणि मग भिंतीला जाऊन अडकतं."

"काय पळतं?" रंगाऱ्याने आपल्या पायांकडे पाहिलं.

"आणि सावकाश पळतं. दोरी शेवटी कशी रांगत होती पाहिलीत ना? छोट्या छोट्या भोकांतून गेल्यासारखं..."

तिचं वाक्य तोंडातच राहिलं. साहेबांची तिरकी मान तिला आठवली. हा आवाज कसला? ती सरळ जमिनीवर आडवी झाली आणि तिने पायाखालच्या फळ्यांना कान लावला. गुळुक. गुळुक. हा आवाज ती वयाच्या सातव्या वर्षापासून ऐकत होती. घरातल्या घड्याळाची टिकटिक घरच्यांना ऐकू येत नाही, पाहुण्यालाच येते, तसं झालं होतं.

"मामा," ती तशीच आडवी पडून म्हणाली, "खाली पाणी आहे."

"असणारच," मामा म्हणाला. "तीन बोटं. नेहमी असतं."

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. "मी विचारलं होतं ना, सुटं काही आहे का म्हणून?"

"पाणी सुटं कसं, साहेब? ते लाँचमध्येच असतं."

इथे मामाची एक रीत सांगायला हवी. नवी लाँच पाण्यात सोडण्याआधी तो तिच्या पोटात तीन दिवस पाणी भरून ठेवायचा, म्हणजे लाकूड फुगून फटी मिटतात. हे सगळेच करतात. पण बाकीचे मग पाणी उपसून टाकतात. मामा तीन बोटं पाणी मुद्दाम ठेवायचा, पहिला महिनाभर. नवी लाँच कोरड्या पोटी चालवायची नाही, हा त्याचा नेम. कारण त्याची अगदी पहिली लाँच त्याने कोरडी ठेवली होती आणि पहिल्याच फेरीत तिच्या फळ्या उघडल्या होत्या. माणसं वाचली. पण तो दिवस मामा विसरला नाही. कारखान्यातल्या प्रत्येकाला हा नेम इतका अंगवळणी पडला होता, की पाण्याला कुणी सामान म्हणतच नव्हतं. भाची स्वतः लहानपणी मगाने ते पाणी ओतायची. तिने सव्वा किलोची किटली यादीत घेतली आणि सहाशे किलो पाणी विसरली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

"उपसायचं," ती उठून म्हणाली. "सगळं. आत्ता. वारा सुटायच्या आत."

"थांब," मामा म्हणाला. "काहीतरीच काय? तळातलं वजन काढलंस तर लाँच वरून आणखी जड होईल. तुझंच शास्त्र सांगतं ना, वजन खाली असावं?"

साहेबांनी मान डोलावली. प्रश्न बिनतोड होता. कॉलेजात तिला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि इतक्या घाईतही तिला मामाचा अभिमान वाटला.

"वजन खाली असावं, पण जागेवर असावं," ती म्हणाली. "बसून राहणारं वजन आपल्या बाजूचं. पळणारं वजन ज्याची बाजू वरचढ त्याच्याकडे जातं. लाँच उजवीकडे झुकली की हे पाणी तळाच्या फासळ्यांतल्या भोकांतून उजवीकडे, तिला आणखी ढकलायला. त्याला उजवी-डावी कळत नाही मामा, पडत्याच्या अंगावर पडणं तेवढं कळतं."

"आणि फळ्या उघडल्या तर?"

हा प्रश्न शास्त्राचा नव्हता, त्या पहिल्या लाँचचा होता. बोळेवाल्याने मान खाली घातली, कारण त्या दिवशी तोही त्या लाँचवर होता.

"बाहेरून नदी आहे," भाची म्हणाली. "फळी बाहेरून चोवीस तास भिजतेय, आणि पाणी तिला आत दाबून धरतंय. आत कोरडं केलं म्हणून दोन तासांत लाकूड आटत नाही."

"नक्की?"

तोच शब्द. तिला कागदावरची वाकलेली रेघ दिसत होती, आणि खोटं बोलणं त्या रेघेच्या स्वभावातच नव्हतं.

"नक्की," ती म्हणाली.

मामाने तिच्याकडे पाहिलं. मग पटाशी घेतली, गुडघ्यावर बसला आणि पहिली फळी स्वतःच्या हाताने उचकटली.

पुढचा पाऊण तास त्या लाँचवर जी धमाल उडाली, ती ज्याने पाहिली त्याने पाहिली. पंप लावून बघितला, तर तो शेवटच्या तीन बोटांना हातच लावेना, नुसता फुरफुरायला लागला. मग बादल्या, डबे, रंगाऱ्याची रंगाची टमरेलं, जे हाती लागेल ते. बोळेवाला तळात उतरून भरून द्यायचा, रंगारी घेऊन कठड्यावरून बाहेर ओतायचा, भाची मोजायची. काठावरून मामीने घरातल्या झाडून सगळ्या जुन्या चादरी फेकल्या आणि वर बजावलं, "फुलांची तेवढी ठेवा, ती चांगली आहे." फुलांचीच आधी गेली. तपासणीसाहेबांनी घड्याळ पाहिलं, कोट काढून खिळ्याला अडकवला आणि बादल्यांच्या रांगेत येऊन उभे राहिले. मामा म्हणाला, "साहेब, तुम्ही कशाला?" साहेब म्हणाले, "तो आवाज सगळ्यात आधी मला आला होता, मालक. त्या पाण्यावर माझा हक्क आहे." बेचाळीस बादल्या झाल्या. तिचं तोंड लाल, केस चिकटलेले, आणि मधूनच ती हसत होती, कारण प्रत्येक बादलीबरोबर आपला पन्नासचा आकडा पाण्यातून वर येतोय असं तिला दिसत होतं.

शेवटचा कोपरा मामाने स्वतः पुसला. मग तो तळातच बसून राहिला, हाताचा पंजा फळ्यांच्या सांध्यावर ठेवून. एक मिनिट. दोन मिनिटं. त्याने हात वर करून पाहिला.

"कोरडा," तो म्हणाला.

दहा चाळीसला फळ्या जागेवर बसल्या. पलीकडच्या तीरावर झाडांचे शेंडे हलायला लागले होते. वजनं जागेवर, माणसं खडूच्या खुणांवर. भाची पट्टीसमोर बसली. या वेळी तिने स्वतःचा श्वाससुद्धा मोजून घेतला.

दोन वजनं उजवीकडे. दोरी निघाली. वीस. चाळीस. पन्नास. एक्कावन्न. आणि थांबली. रांगली नाही, रेंगाळली नाही, पट्टीवर खिळा मारल्यासारखी थांबली.

"एक्कावन्न," भाची म्हणाली.

"मलाही दिसतंय," साहेब म्हणाले. "पुढचं."

एकशे एक. परत, पन्नास. शून्य. डावीकडे पन्नास, मग शंभर. कागदावर खुणा केल्या आणि पट्टी लावली, तर रेघ अशी सरळ, की रंगारी म्हणाला, एवढी सरळ रेघ आपल्याला आयुष्यात मारता आली नाही. साहेबांनी सही केली, शिक्का उमटवला, आणि कागद मामाच्या हातात न देता भाचीच्या हातात दिला. "यादीत एक ओळ वाढवा," ते म्हणाले. "पुढच्या वेळी पाणीही तोला."

त्या क्षणी पहिली झुळूक आली.

मग एकच गोंधळ झाला. बोळेवाला काठावर उतरून ज्याला त्याला आकडे सांगत सुटला, रंगारी खरोखरच दोन उड्या मारून आला. भाचीला उठवेना. ती तशीच ओळंब्यासमोर बसून राहिली, शिक्क्याची शाई वाळायची वाट बघत. साहेब शेजारी कोट चढवत होते.

आणि दोरी हलली.

वाऱ्याने नाही, वाऱ्याने थरथरते. ही ठामपणे सरकली, उजवीकडे, आणि सतरावर थांबली.

"अजून कोण हलतंय?" साहेबांनी सवयीने विचारलं.

भाचीने मनात भागाकार केला. सत्तर किलो, मध्यापासून दीड मीटर. खाली तर त्या जागेवर कुणीच नव्हतं. तिने वर छताकडे पाहिलं.

"मामा आहे," ती म्हणाली. "वरती चढलाय. उजव्या कठड्याशी."

साहेब थांबले. दोघंही पट्टीकडे बघायला लागले. काही वेळ दोरी सतरावरच होती. मग जिन्यावर बांगड्यांचा आवाज आला, एकेक पायरी, मध्येच थांबत, आणि दोरी परत निघाली. पंधरा, दहा, पाच, शून्य ओलांडून डावीकडे गेली आणि तीनवर थांबली. मामी येऊन डाव्या बाकावर बसली होती. सव्वीस वर्षांनी. आणि तिने कुणालाही कधी सांगितलं नव्हतं ते वजनही दोरीने सांगून टाकलं. ती मामापेक्षा दहा-बारा किलो जड होती.

"हे लिहू नका," भाची म्हणाली. डोळे भरून आल्यामुळे तिला पट्टी नीट दिसत नव्हती.

"मी काहीच पाहिलं नाही," साहेब म्हणाले.

लाँच जवळजवळ सरळ उभी होती, एक माणूस या बाजूला, एक त्या बाजूला. पुस्तकात यालाच समतोल म्हणतात, आणि शास्त्राच्या हिशोबाने यापेक्षा चांगलं काही नसतं.

मग डोक्यावरच्या फळ्या वाजल्या. कुणीतरी उजवीकडून डावीकडे चालत गेलं, आणि दोरी सरळ सदतीसवर जाऊन थांबली.